सहजीवनाचा करार आणि लग्नाची तारीख

मुळशी तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी, माण, बावधन. तिथे दोघांच्या नावाने भाडेकरार होतात, आणि त्या दोघांचे लग्न झालेले असेलच असे नाही. पश्चिमेला पौड ओलांडून कोळवणच्या खोऱ्यात गेले की एनए (बिगरशेती) प्लॉटांचे फलक लागतात. पूर्वेला कमावलेला पैसा तिथल्या खरेदीखतांत उतरतो. या दोन कागदांच्या मध्ये गेल्या काही वर्षांत तिसरा कागद आला आहे : लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्याने स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेला ‘लिव्ह-इन करार’. ही जोडपी पुढे अनेकदा लग्नही करतात. मग त्या कागदाचे काय होते? तो संपतो, तसाच चालू राहतो, की आधीपासूनच निरर्थक होता? या प्रश्नावर कायदा, न्यायालये आणि समाजातली मते आज कुठे आहेत, ते येथे पाहू.

मागची वाट

स्त्री-पुरुषाच्या नात्यात लेखी कागद येणे महाराष्ट्राला नवे नाही. अनेक जातींत पाट लागत असे, काडीमोड होत असे, सोडचिठ्ठी आणि फारकत लिहून दिली जात असे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने मिळालेला घटस्फोट शाबूत ठेवला. मात्र ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि नुसती नोटरी केलेली फारकत कोर्टात टिकत नाही. गावाकडे हे अजून फारसे कोणी सांगत नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्या लग्नातल्या बायका मोजतात. लग्न म्हणजे दोघांनी एकमेकांना दिलेली वचने, हा विचारही इथलाच आहे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुरोहिताविना विवाह लावला. त्या विवाहपद्धतीत वधू-वरांच्या परस्परांना दिलेल्या शब्दाला मंत्राचे स्थान होते.

विवाहाबाहेरच्या नात्याचा लेखी करार मात्र बदनाम झाला तो शेजारच्या गुजरातेतल्या ‘मैत्री करारा’मुळे. १९७० च्या दशकात विवाहित पुरुष दुसऱ्या स्त्रीशी असे करार करू लागले. द्विभार्याप्रतिबंधक कायदा चुकवण्याची ती पळवाट होती, आणि त्या स्त्रीच्या हाती कागदाशिवाय काही पडत नव्हते. आजच्या कराराकडे न्यायाधीश आणि वकील संशयाने पाहतात, त्यामागे ही आठवण आहे.

वळण आले ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला आणि ‘विवाहसदृश संबंध’ हे शब्द कायद्यात आले. फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मळिमठ समितीने २००३ मध्येच सुचवले होते की पत्नीसारखी दीर्घकाळ राहिलेल्या स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मिळावी. त्याच धर्तीचा दुरुस्ती प्रस्ताव महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २००८ मध्ये मंजूर केला. त्यावर खूप चर्चा झाली. कायद्यात तो उतरला नाही.

पुढचे काम सर्वोच्च न्यायालयाने केले. २०१० च्या वेलुसामी खटल्यात विवाहसदृश संबंधाच्या कसोट्या ठरल्या : दोघे कायद्याने वयात आलेले, लग्नास पात्र म्हणजे अविवाहित असणे, समाजात जोडपे म्हणून वावरणे, आणि बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहणे. त्याच वर्षी खुशबू खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणे हा गुन्हा नाही. २०१३ च्या इंद्रा सरमा खटल्यात यादी आणखी विस्तारली. किती काळ राहिले, पैसा एकत्र होता का, घर कोणाच्या नावे, मुले आहेत का, लोकांत कसे वावरले, हे सगळे पाहायचे ठरले. त्या खटल्यातल्या बाईंना मात्र संरक्षण मिळाले नाही, कारण पुरुष विवाहित आहे हे त्यांना ठाऊक होते. संसदेने या विषयात लक्ष घालावे, असे निकालात म्हटले आहे. संसदेने अद्याप घातलेले नाही.

कागदावर काय असते

असे करार वाचले तर त्यांत तीन तऱ्हेची कलमे एकत्र कालवलेली दिसतात.

पहिली व्यवहाराची : भाडे कोण किती देणार, डिपॉझिट कोणाचे, गाडीचा हप्ता, फर्निचर, कुत्रा कोणाकडे राहणार. दुसरी मालमत्तेची : फ्लॅटमध्ये कोणाचे किती पैसे गेले, वेगळे झालो तर परतफेड कशी. तिसरी नात्याची : आम्ही स्वखुशीने राहतो, लग्नाचे वचन दिलेले नाही, एकमेकांवर खटला भरणार नाही, पोटगी मागणार नाही.

पहिल्या तऱ्हेबद्दल फारसा वाद नाही. भाड्याच्या घराबाबत तर नोटरीच्या करारापेक्षा साधा नोंदणीकृत भाडेकरार जास्त कामाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदलेला असावा लागतो. त्यावर दोघांचीही नावे असली की कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या ‘सामायिक घरा’चा त्याहून चांगला पुरावा शोधावा लागत नाही. भांडण झाल्यावर घराबाहेर काढल्या गेलेल्या मुलीला पहिला आधार त्याच कागदाचा असतो.

खरा वाद तिसऱ्या तऱ्हेचा आहे. २०२४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयापुढे एक प्रकरण आले. बलात्काराचा आरोप असलेल्या पुरुषाने अटकपूर्व जामिनासाठी लिव्ह-इन करार पुढे केला. एकत्र राहण्याच्या काळात एकमेकांवर लैंगिक छळाची तक्रार करायची नाही, असे त्यात कलम होते. सही आपली नाहीच, असे त्या स्त्रीचे म्हणणे होते. पुरुषाला जामीन मिळाला. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, आणि कराराच्या वैधतेवरचा निर्णयही नव्हे. पण बातमी पसरली आणि करार म्हणजे आरोपातून सुटण्याचे चिलखत, असा समज दृढ झाला. कायद्याच्या दृष्टीने हा समज कच्चा आहे : फौजदारी तक्रारीचा हक्क करार करून आधीच सोडून देता येत नाही आणि संमती ही त्या-त्या वेळची असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ ने या भीतीत भर घातली. लग्नाचे खोटे वचन देऊन ठेवलेल्या शरीरसंबंधाला तिथे दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. याविषयीचा आधीचा निकाल आपल्याच राज्यातल्या एका खटल्यातला आहे. प्रमोद सूर्यभान पवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुळातच खोटे असलेले वचन आणि पुढे पाळता न आलेले वचन यांत फरक केला. करारात ‘लग्नाचे वचन नाही’ हे वाक्य आजकाल हमखास दिसते ते यामुळे. आणि असे लिहून देणारे जोडपे कधी वर्षभराने लग्नही करते.

तीन भूमिका

करार असावा म्हणणाऱ्यांत कौटुंबिक न्यायालयात काम करणारे अनेक वकील आहेत आणि स्वतःच्या पगारावर उभ्या असलेल्या अनेक तरुणीही. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. कायदा अस्पष्ट आहे, तोवर दोघांनी आपसांत स्पष्ट असावे. पैशाचे बोलणे प्रेमात खुपते, पण विभक्त होताना त्याहून जास्त खुपते. शिवाय इंद्रा सरमा निकालातल्या कसोट्यांना (एकत्र पैसा, एकत्र घर, हेतू) असा कागद पुरावाच पुरवतो.

दुसरी भूमिका स्त्रीहक्कांच्या चळवळीतून येते, आणि ती कराराच्या सरसकट विरोधाची नाही. तिथला आक्षेप असा की करार दोन समान माणसांत होतो हे गृहीतच चूक आहे. सही करताना कोणाच्या नावावर घर आहे, कोणाची नोकरी सुटली आहे, कोणाला माहेरचे दार बंद झाले आहे, हे पाहिल्याशिवाय ‘स्वखुशी’ या शब्दाला अर्थ नाही. म्हणून कायद्याने दिलेले किमान हक्क करारापलीकडचे असावेत, अशी ही मागणी आहे. न्यायालयांचा जुना पवित्राही याच बाजूला झुकतो : पत्नीने पोटगीचा हक्क आगाऊ सोडून दिला असे लिहून घेतले तरी ते सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून टिकत नाही.

तिसरी भूमिका विवाह हा संस्कार आहे, सौदा नव्हे, असे मानणाऱ्यांची. तिला नुसती जुनाट म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. या मताच्या लोकांना काळजी वाटते ती जबाबदारीची : लग्नाने आपोआप येणारी कर्तव्ये, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांची, मुलांची, आजारपणाची, कराराच्या पाच-सात कलमांत मावत नाहीत. कायद्यात या भूमिकेचा आधार आहे भारतीय करार कायदा १८७२ चे कलम २३. अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध उद्दिष्ट असलेला करार त्यानुसार रद्दबातल. घेरुलाल पारख खटल्यात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘अनैतिक’ या शब्दाची व्याप्ती लैंगिक अनैतिकतेपुरती ठेवली. म्हणजे नेमके इथेच बोट ठेवले जाते.

पण १९५९ नंतर बरेच बदलले. २०१० मध्ये एकत्र राहणे गुन्हा नाही असे ठरले, २०१८ मध्ये जोसेफ शाईन निकालाने व्यभिचार फौजदारी कायद्यातून गेला. एकत्र राहणे बेकायदा नसेल तर त्याविषयीचा करार अनैतिक कसा, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते अविवाहित सज्ञान जोडप्याचा मालमत्तेपुरता करार आज कलम २३ खाली पडू नये. मात्र सर्वोच्च न्यायालयाचा असा थेट निकाल नाही, आणि वकिलाने अशिलाला खात्री देऊ नये.

उत्तराखंडने वेगळीच वाट धरली. २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या तिथल्या समान नागरी कायद्यात एकत्र राहण्याची नोंद सक्तीची आहे, आणि न केल्यास शिक्षा आहे. सोडून दिलेल्या स्त्रीला तिथे पोटगी मागता येते, ही जमेची बाजू. मुलामुलींच्या खासगीपणाचे काय, ही दुसरी. महाराष्ट्रात असा कायदा नाही.

लग्नाच्या दिवशी काय बदलते

इतर देशांत या प्रश्नाला थेट उत्तर आहे, आणि ती उत्तरे एकमेकांच्या उलट आहेत. कॅनडात ओंटारिओच्या कौटुंबिक कायद्याचे कलम ५३ सांगते की सहजीवनाचा करार केलेले जोडपे पुढे लग्न करील तर तोच करार विवाहकरार मानला जाईल. ऑस्ट्रेलियाचा १९७५ चा कौटुंबिक कायदा नेमके उलटे सांगतो : लग्न झाले की सहजीवनाचा आर्थिक करार बंधनकारक राहत नाही, हवा असल्यास नवा करा. टोरांटोतला भाऊ आणि सिडनीतली बहीण, दोघांनी आपापल्या जोडीदाराबरोबर एकाच मसुद्यावर सह्या केल्या तरी लग्नानंतर एकाचा करार जिवंत असेल आणि दुसरीचा नसेल.

घराजवळ पाहायचे तर गोवा. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. लग्नाआधी अधिकाऱ्यापुढे जाहीर दस्त करून मालमत्ता वेगळी ठेवायची की कशी, हे ठरवता येते. काही ठरवले नाही तर पती-पत्नीची संपत्ती सामायिक होते. लग्नानंतर हा दस्त बदलता येत नाही. २०१९ च्या जुझे पावलो कुतिन्यो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या व्यवस्थेचे कौतुक केले आणि गोमंतकीयाची राज्याबाहेरची मालमत्ताही तिच्या कक्षेत येते असे ठरवले. दोडामार्ग-सावंतवाडीकडे गोव्याशी सोयरिकी नेहमीच्या आहेत; तिथल्या लोकांना हे वकिलाकडून नव्हे, शेजारच्या घरातून कळते.

महाराष्ट्रात मात्र लग्नाने मालकी बदलत नाही. ज्याचे घर त्याचे, जिचे सोने तिचे. सामायिक मालमत्तेची कल्पनाच आपल्या विवाह कायद्यात नाही. पत्नीला वैवाहिक संपत्तीत वाटा देऊ पाहणारे विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि पुढे बारगळले. ‘लग्नानंतर कराराचे काय’ हा प्रश्न त्यामुळे अखंड विचारून चालत नाही, तो तुकड्यांत विचारावा लागतो.

मालकी आणि देण्याघेण्याची कलमे लग्नाने आपोआप मरत नाहीत. तिने फ्लॅटसाठी दिलेले बारा लाख हे उसने म्हणून लिहिले असतील तर ते लग्नानंतरही उसनेच. पोटगी सोडल्याचे कलम मात्र निरुपयोगी होते, कारण पत्नी म्हणून तिला हिंदू विवाह कायद्यातून आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मधून स्वतंत्र हक्क मिळतो. ‘लग्नाचे वचन नाही’ हे कलम लग्नानेच खोटे पाडले. आणि वारसा, ज्याचा करारात बहुधा उल्लेखच नसतो, एका दिवसात पूर्ण पालटतो : काल काहीच नसलेली व्यक्ती आज १९५६ च्या कायद्याखाली पहिल्या वर्गाची वारस.

मृत्युपत्राची गोष्ट तर फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम ६९ प्रमाणे लग्न केले की आधीचे मृत्युपत्र रद्द होते, पण हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना कलम ५७ ने यातून वगळले आहे. म्हणून सहजीवनाच्या काळात ख्रिस्ती किंवा पारशी माणसाने जोडीदाराच्या नावे केलेले मृत्युपत्र लग्नादिवशी रद्द. हिंदू माणसाचे मात्र तसेच उभे, अगदी त्याने लग्न भलत्याच व्यक्तीशी केले तरी.

कोळवणचे वीस गुंठे

समजा, हिंजवडीत नोकरी करणारे एक जोडपे. तो भोरकडच्या शेतकरी कुटुंबातला, सातबाऱ्यावर नाव असलेला. ती नागपूरची, घरात शेती नाही. लग्न ठरलेले नाही. दोघांनी मिळून कोळवण खोऱ्यात वीस गुंठे शेतजमीन घ्यायची ठरवली. निम्मे पैसे तिचे.

खरेदीखत त्याच्या एकट्याच्या नावे होते, कारण १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. मग पाचशेच्या स्टॅम्पवर (ऑक्टोबर २०२४ पर्यंत शंभराचा चालत असे) दोघे लिहून काढतात की निम्मी जमीन तिची. हा कागद तिला वाचवील असे दोघांनाही मनापासून वाटते.

तो वाचवत नाही. कलम ६३ विक्रीइतकेच बक्षिसालाही लागू आहे. त्याने मृत्युपत्र केले तरी अडचण : २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गुजरातेत लागू असलेल्या याच १९४८ च्या कायद्यावर, बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्रानेही शेतजमीन देता येत नाही असे ठरवले. त्याहून गंभीर धोका बेनामी व्यवहार कायद्याचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नीच्या किंवा मुलांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता बेनामी ठरत नाही. लग्न न झालेला जोडीदार या अपवादात बसत नाही. तिने ‘पैसे माझे, नाव त्याचे, हक्क माझा’ असे लेखी दिले, तर ती स्वतःविरुद्धच पुरावा तयार करत असते. ‘पैसे मी त्याला कर्जाऊ दिले’ असे लिहिले असते तर निदान रक्कम मागता आली असती.

आता दोघांनी लग्न केले. त्याच्या पश्चात ती वारस म्हणून, मृत्युपत्राशिवायही, त्या जमिनीत येते. वारसा हे हस्तांतर नसल्याने कलम ६३ आडवे येत नाही. हीच शेतजमीन डोळ्यांपुढे ठेवून पाहा : करार करूनही जे मिळत नव्हते ते लग्नाने न मागता मिळते. शेतजमिनीऐवजी एनए प्लॉट दोघांच्या नावे घेतला असता, तर यातले बहुतेक प्रश्न उद्भवलेच नसते.

हाच फरक मुद्रांकातही दिसतो. राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नीला बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. जोडीदाराशी लग्न झालेले नसेल तर नेहमीचा दर. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१९ च्या दुरुस्तीत सहयोगी सदस्य म्हणून नवरा, बायको, आईवडील, भावंडे, मुले, सून, जावई, भाचे-पुतणे आहेत. लग्न न झालेला जोडीदार नाही. नॉमिनी म्हणून नाव घातले की झाले, हाही भ्रम आहे. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या कुटुंबातला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये ठरले की शेअर-गुंतवणुकीतला नॉमिनी हा मालक नव्हे, मालकी वारशाच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.

साठीनंतरचे सहजीवन

या चर्चेत ज्येष्ठांना विसरले जाते. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी काम सुरू केले. ‘हॅपी सीनियर्स’ या नावाने ते ओळखले जाते. एकाकी झालेले विधुर-विधवा तिथे जोडीदार शोधतात. काही जण पुढे लग्न करतात, पुष्कळ जण करत नाहीत, आणि त्यामागची कारणे रोकडी आहेत. केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांत विधवेने पुनर्विवाह केला की कुटुंब निवृत्तिवेतन थांबते. अपत्यहीन विधवेला काही अटींवर सूट आहे. मुलांना भीती असते वाट्याची : लग्न झाले की नवी वारस उभी राहील. तरुणांचा करार वेगळे होण्याच्या शक्यतेसाठी असतो, ज्येष्ठांचा मृत्यूच्या निश्चितीसाठी. कोण आजारपणात पाहील, दवाखान्यात सही कोणाची, मागे उरलेल्याला घरात किती काळ राहता येईल, हे प्रश्न तिथे खरे. आणि इथे मृत्युपत्र करारापेक्षा कितीतरी भक्कम ठरते, कारण तहहयात राहण्याचा हक्क त्यात नीट देता येतो आणि मालकी मुलांकडेच राहते. मुलांची भीती आणि सोबतिणीची निवाऱ्याची गरज, दोन्हींची सोय करणारा मार्ग आजच्याच कायद्यात आहे; त्यासाठी वाट पाहावी लागत नाही.

जे अजून ठरायचे आहे

मुलांच्या बाबतीत चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीर्घ सहजीवनातून विवाहाचे अनुमान काढून मुलाला वारसा दिला. २०२३ च्या रेवणसिद्धप्पा निकालाने अवैध विवाहातल्या मुलांना आईवडिलांच्या हिश्श्यात वाटा मिळतो हे नक्की केले. पण विवाहाचे अनुमानही निघत नाही आणि करारात ‘आम्ही पती-पत्नी नाही’ असे स्वतःच लिहिलेले आहे, तिथे त्या एका वाक्याने मुलाचे काय होते? आईवडिलांच्या सहीने मुलाचा हक्क कमी होऊ नये, असे मला ठामपणे वाटते. थेट निकाल अजून यायचा आहे.

लग्नानंतर पती-पत्नीने आपसांत केलेला नवा मालमत्ता करार कितपत टिकतो, हेही मोकळेच आहे. मुस्लिम विवाहात निकाहनाम्यात अटी घालता येतात, मेहर ठरतो. हिंदू विवाहात असा कागद कायद्याला परका आहे. एका इमारतीत राहणाऱ्या दोन जोडप्यांना धर्म पाहून वेगळे उत्तर मिळते. २०१५ मध्ये मनेका गांधी महिला व बालविकास मंत्री असताना विवाहपूर्व करारांना मान्यता देण्याचा विचार पुढे आला होता. त्यातून कायदा झाला नाही.

आणि ओंटारिओ की ऑस्ट्रेलिया, हा मूळ प्रश्न. आपल्याकडे मालकी वेगळी ठेवण्याची पद्धत असल्याने ओंटारिओचा मार्ग सोपा वाटतो. पण सहजीवनात, कधी बेघर होण्याच्या भीतीने केलेली सही लग्नानंतर जन्मभर चिकटून राहावी का, याचे उत्तर तो देत नाही. ऑस्ट्रेलियाचा मार्ग दोघांना लग्नाच्या वेळी पुन्हा बोलायला लावतो. तोवर मधल्या काळातल्या देण्याघेण्याचे काय, हे मात्र अधांतरी ठेवतो. पुढेमागे महाराष्ट्रात असा कायदा आलाच, तर त्याला निदान मालकीची कलमे आणि पोटगीची कलमे वेगळी करावी लागतील, आणि पैसे दिलेल्या जोडीदाराला बेनामी कायद्याच्या तडाख्यातून बाहेर काढावे लागेल. हे दुसरे काम संसदेचे आहे. कूळवहिवाट कायद्यात बदल करायचा झाला, तर ते काम विधिमंडळाचे.